डोळ्यांनंतर लोखंड नाही

पेणजवळच्या जोह्यात गणपतीची माती मळणारे हात शेकड्यांनी मिळतात, साचे भरणारे मिळतात, अंगाला रंग मारणारे तर पैशाला पासरी. डोळे काढणारा हात मात्र मिळवून दाखवा. त्या कामाला आखणी म्हणतात, आणि ती नीट जमणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सगळे बाप्ये. फक्त भरतशेठच्या कारखान्यात, उजेडाच्या खिडकीशी, एक बाई बसायची. तिचं नाव पारी. मागच्या श्रावणात तिची खिडकी गेली. ती कशी गेली हे चार माणसं चार तऱ्हेनं सांगतात आणि चौघंही तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून एकदा सरळ सांगितलेलं बरं.

पारी मूळची धरमतरच्या खाडीकाठची. बाप शिवा मिठागरावर राबला, आईनं डोक्यावरून मीठ वाहिलं. पारी पंधरा-सोळाची असताना उधाणानं बांध फोडला, मिठागर बसलं ते बसलंच, आणि शिवानं पोरीला जोह्याला मावशीकडे धाडलं. तिथे तिला साचे धुवायला बसवलं. बायकांना तेव्हा कामं ठरलेली: साचे धुवा, मूर्ती घासा, पाणी भरा. खिडकीशी हिरामणदादा बसायचा, भरतशेठच्या वडलांच्या वेळचा आखणीदार. पारी धुतलेले साचे ठेवायला यायची आणि त्याच्या हाताकडे बघत उभी राहायची. वर्षभर त्यानं तिला हाकललं. दुसऱ्या वर्षी कंटाळून एक तडकलेली मूर्ती तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, काढ बघू. तिनं काढलं ते बघून म्हाताऱ्यानं दुसरी मूर्ती पुढे सरकवली.

मग कुजबुज सुरू झाली. बाईच्या हातचे डोळे देवाला चालतात का? महिन्याच्या चार दिवसांचं काय? हिरामणदादानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि विचारलं, "गणपतीला घडवला कोणी? पार्वतीनं. मग डोळे काढायला बाप्या कशाला पायजे?" एवढ्यानं कुजबुज थांबली असं मुळीच नाही, पण पारीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. हिरामणदादा गेला, ती त्याच्या पाटावर बसली आणि तीस वर्षं उठली नाही. मधल्या काळात लग्न झालं, भाविका झाली, नवरा आजारात गेला. पाट तिनं सोडला नाही.

हिरामणदादानं हातात कुंचला दिला तेव्हा एक रीतही दिली होती. तशी ती जोह्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे, कुठे लिहिलेली नाही. लोखंडाचं काम आधी, डोळे शेवटी. खिळा, तार, स्क्रू, मुकुटाची पट्टी, जे काय ठोकायचं असेल ते आधी ठोकून घ्यायचं. मग आखणी. पांढरा रंग, त्यावर बुबुळ, वर पापणीची रेघ, आणि बुबुळात अगदी शेवटी एक बारीक पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागली. जो बघतोय त्याला लोखंड लावायचं नाही. काही राहून गेलं असेल तर सुतळीनं बांधा, डिंकानं चिकटवा, पण हातोडी नाही. देवधर्माला नाक मुरडणारे पोरगेसुद्धा ही रीत पाळतात.

आता रोह्याच्या प्रदीपचं सांगायला हवं. कंपनीत शिफ्ट करणारा, पस्तिशीचा, आपल्या आळीच्या मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण स्पर्धेचं वेड. आदल्या वर्षी पलीकडच्या आळीनं हलता देखावा करून पहिला नंबर मारला होता आणि ते प्रदीपला वर्षभर सलत होतं. त्यानं कुठेतरी मोबाइलवर देवमाशाच्या शिकारीची जुनी फिल्म बघितली. मोठी बोट, बोटीच्या नाकावर तोफ, तोफेतून सुटणारा भाला, आणि लाल झालेला समुद्र. त्याच्या डोक्यात दिवाच लागला. श्रावणाच्या आधीच तो भरतशेठकडे आला आणि ऑर्डर देऊन गेला: वीस फुटी देवमाशाची मादी, तिच्या कुशीला पिल्लू, समोर बोट, बोटीवर भाला उगारलेला शिकारी. मादीच्या पाठीत भाला घुसलेला, आणि भोकातून पंपानं लाल पाणी उडणार. पिल्लू कशाला, तर बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे म्हणून. फलकाचं वाक्यसुद्धा ठरलं होतं: मानवाचा सागरावर विजय.

बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर फायबर चढलं, राखाडी रंग झाला. पाठीला भोक पाडून ठेवलं. महिन्याभरात ते धूड शेडभर पसरलं, आणि गणपती बिचारे कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. मग प्रदीप मोबाइलवर एक चित्र घेऊन पारीच्या खिडकीशी आला. मरणाऱ्या देवमाशाचा डोळा होता तो. अर्धा मिटलेला, फिरलेला. "मावशी, सेम असा पायजे," तो म्हणाला. "बघणाऱ्याच्या काळजात कळ उठली पायजे."

पारीनं चित्र बघितलं, मोबाइल त्याला परत दिला आणि पुढचा गणपती जवळ ओढला. मला मरणारा डोळा येत नाय, म्हणाली. प्रदीपला वाटलं बाई लाजते आहे. भरतशेठला मात्र तिचा सूर ओळखता आला, कारण तो तिनं आजवर त्याच्या बापालाही ऐकवला होता. तो उठून आला आणि समजुतीनं बोलायला लागला. दर नवरात्रात तू महिषासुराचे डोळे काढतेस, त्याच्या छातीत तर त्रिशूळच असतो. तेव्हा बरे जमतात.

"त्यानं देवांशी भांडण काढलेलं," पारी म्हणाली. "त्याच्या हातात तलवार असते, डोळ्यात राग असतो. ही बाई पोराला घेऊन चाललीय. हिनं कोणाचं काय केलं?"

भरतशेठ चिडला. जिताडा मिटक्या मारत खातेस, गाबोळी तुला चारदा लागते, आणि आज एकदम माळकरीण झालीस का, असं त्यानं सगळ्या शेडसमोर विचारलं. प्रश्न बिनतोड होता. श्रावण सोडला तर पारीच्या घरी शुक्रवारचा आणि रविवारचा मासळीवाचून घास उतरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन-चार जण हसलेही.

"खाते," पारी म्हणाली. "श्रावण सरला की परत खाईन. पण त्याला मरताना मांडवात मांडून टाळ्या नाय घेत."

त्यावर भरतशेठनं शेवटचं सांगून टाकलं. उद्या डोळे निघाले नाहीत तर खिडकीशी अमोल बसेल. अमोल त्याचा पुतण्या, दोन वर्षं पारीच्याच हाताखाली शिकत होता. हात बरा होता, घाई नडत होती. पारीला आता कळून चुकलं की हे नुसतं बोलणं नाही. या हंगामात ज्याचा पाट गेला त्याला जोह्यात दुसरा पाट मिळत नाही. आणि बाईला तर पहिलाच किती मुश्किलीनं मिळाला होता.

घरी आल्यावर ती भाविकाला सगळं सांगून मोकळी झाली. भाविका पेणच्या कॉलेजात शिकते, जीभ आईची आहे. आईनं भांडण कशावरून काढलं हे तरी नीट कळू दे म्हणून ती मोबाइलवर वाचायला बसली, आणि जे सापडलं ते चूल पेटवणाऱ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. देवमाशांना तेलासाठी मारायचे. ते तेल दिव्यांत जळायचं, साबणात जायचं, पुढे तर गोऱ्यांच्या पावावर लावायच्या नकली लोण्यात गेलं. आधी वल्ह्याच्या होड्या नि हातातले भाले होते, तोवर काही मासे सुटायचे. मग वाफेची बोट आली, तोफ आली, आत जाऊन फुटणारा भाला आला. पुढे बोटीच एवढ्या मोठ्या झाल्या की अख्खा देवमासा डेकवर ओढून तिथेच सोलायचा, तिथेच उकळायचा. एका हंगामात चाळीस हजार मारले. तेल इतकं झालं की विकलं जाईना, तेव्हा कुठे देशोदेशींच्या लोकांना नियमाची आठवण झाली.

पारीनं विचारलं, काय नियम केला? भाविका खाली खाली सरकवत गेली आणि थांबली. एकोणीसशे एकतीस साली जिनिव्हात कागद झाला होता. त्यात लिहिलं होतं की दूध पिणारं पिल्लू मारायचं नाही, आणि पिल्लू बरोबर असलेली मादी मारायची नाही.

"मंग झालं की," पारी म्हणाली. "मी काय वेगळं बोलले?"

भाविकानं पुढचंही वाचलं, कारण अर्धवट सांगायची तिला सवय नाही. काही बड्या देशांनी सहीच केली नाही. ज्यांनी केली त्यांच्या बोटींवर भर समुद्रात बघायला कोण जाणार? मारणं वाढतच गेलं. आणखी कागद झाले, आणखी सह्या झाल्या, आणि धंद्याची शिकार थांबवायला पन्नासच्या वर वर्षं गेली. अजूनही दोन-तीन देश मारतातच. पारी हे ऐकून भडकली. तिचं म्हणणं असं की सही करणारे खुर्चीत होते नि भाला मारणारे बोटीवर, मग कागदाला कोण विचारतो? ज्याच्या हातात भाला आहे त्याला आडवा जाणारा कोणी पाहिजे. भाकऱ्या तिनं त्या रागातच थापल्या आणि दोन करपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली तर खिडकीशी अमोल बसलेला. मान खाली. पारीनं त्याला उठवलं नाही. ती भरतशेठकडे गेली आणि म्हणाली, डोळे काढते, पण माझे. तुमच्या मोबाइलमधले नाय. भरतशेठला त्या घटकेला डोळ्यांशी मतलब होता. स्पर्धेच्या फॉर्मसोबत देखाव्याचा फोटो त्याच दिवशी दुपारपर्यंत पाठवायचा होता, आणि वेल्डिंगवाल्याकडून भाला संध्याकाळी यायचा होता. फोटोपुरता शिकाऱ्याच्या हातातला भाला चालेल, पाठीतला नंतर बसवू, असं प्रदीपनं फोनवर सांगितलं होतं. कसेही काढ बाई, पण आत्ता काढ, भरतशेठ म्हणाला.

इथे तो चुकला. आयुष्य मूर्तीत गेलेल्या माणसाच्या हातून ही चूक व्हायला नको होती. लोखंड यायचं होतं आणि त्यानं डोळे आधी मागितले. पारीच्या ते लगेच ध्यानात आलं. ती बोलली नाही. न बोलण्याची तिच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ.

देवमाशाचा डोळा असतो जबड्याच्या कोपऱ्याशी, खाली. तिथे तिनं पाट लावला आणि तीन तास तिनं मान वर केली नाही. पांढरा रंग, बुबुळ, पापणीची लांब रेघ. जे डोळे ती तीस वर्षं काढत आली होती तेच तिनं काढले, कोनाला किंचित उतरते, समोरच्याला ओळखणारे. आधी पिल्लाचे, मग आईचे. शेवटी चारही बुबुळांत ठिपके ठेवले आणि कुंचला धुवायला नळावर गेली. शेडमध्ये कामं थांबली होती. कोणीतरी पायातल्या चपला काढल्या. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी प्रदीप टेम्पो घेऊन आला. डोळे सांगितले तसे नव्हते हे त्याला दिसलं, पण फोटो गेलेला होता. वेल्डिंगवाल्याचा भालाही आला. सात फुटी, पुढे काटेरी पातं, चांगला बळकट. नेण्याआधी एकदा बसवून पंप तपासू, प्रदीप म्हणाला. भरतशेठनं गड्याला हाक मारली. गड्यानं देवमाशाकडे बघितलं, भाल्याकडे बघितलं आणि म्हणाला, डोळे झालेत शेठ. दुसऱ्याला हाक मारली, त्याला अचानक माती भिजवायची आठवण झाली. अमोल तर खिडकीकडे तोंड करून बसला. भरतशेठ संतापानं स्वतः पुढे झाला, भाल्याला हात घातला, आणि त्याची नजर त्या डोळ्यावर गेली. बापजाद्यांपासूनचा कारखाना त्याचा. त्यानं हात काढून घेतला.

पारी पदराला हात पुसत पुढे आली. "मारा की," ती म्हणाली. "पाठीला भोक तयार हाय, भाला तयार हाय. ज्याच्यात धमक असंल त्यानं मारावा. मी इथंच उभी हाय."

प्रदीपला हा सगळा अडाणीपणा वाटला. तो शिकलेला होता, कंपनीत होता. त्यानं भाला उचलला, शिडीवर दोन पायऱ्या चढलाही. मग काय झालं ते त्यालाच माहीत. तो खाली उतरला आणि जरा मोठ्यानंच म्हणाला की रोह्याला नेऊन बसवू, तिकडे फिटर आहे, तिकडे असलं काही नाही. देवमासा, पिल्लू, बोट, भाला सगळं टेम्पोत चढलं आणि गेलं.

टेम्पोची धूळ बसायच्या आत भरतशेठ पारीपाशी आला. तू मला मुद्दाम फसवलंस, म्हणाला. पारीनं ते नाकारलं नाही. उद्यापासून मागच्या शेडमध्ये, मूर्ती घासायला, त्यानं सांगितलं.

"खिडकी तुझी हाय, भरतशेठ," ती म्हणाली. "हात माझा हाय."

बोलायला ठीक होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती खरंच मागच्या शेडमध्ये पॉलिश पेपर घेऊन बसली, सोळाव्या वर्षी साचे धुवायला बसली होती तशी. बोटांची साल निघाली. घेणारे येत, खिडकीशी अमोलला बघत आणि पारी कुठे म्हणून विचारत, तेव्हा ती मागून ऐकत असे. तिला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि ते तिनं भाविकापासून लपवलंही नाही. खिडकीपेक्षा तिला दुसरंच खात होतं. रोह्याला फिटर होता. त्यानं तो भाला दोन मिनिटांत बसवला असणार, आणि आपण काढलेले डोळे उघडे ठेवून ती आई मांडवात रक्त ओकत उभी असणार. म्हणजे खिडकी तर गेलीच, आणि वर जे डोळे तिनं काढायला नको होते तेच तिच्या हातून काढून झाले. मरणारे डोळे अमोलनं काढले असते तर निदान हात तरी तिचा नसता.

गौरी गेल्या त्या दिवशी दुपारी तिनं भाविकाला बरोबर घेतलं आणि पेणहून रोह्याची गाडी पकडली. प्रदीपच्या मांडवापुढे रांग होती. ती रांगेत उभी राहिली आणि वीस मिनिटांनी आत पोचली.

देवमासा निळ्या कापडाच्या लाटांत होता. पाठीतलं भोक तसंच होतं, आणि त्यात कोणीतरी जास्वंद खोचली होती. एक नाही, ओंजळभर. दुर्वाही होत्या. पिल्लाच्या कपाळाला हळदकुंकू लागलं होतं. सात फुटी भाला कुठेच नव्हता, होता तो फक्त बोटीवरच्या शिकाऱ्याच्या हातातला. मोटरवर त्याचा हात वर जायचा, थरथरायचा, खाली यायचा, पुन्हा वर. भाला सुटत नव्हता. पारी बघत राहिली आणि तिला रडू आलं. भाविकानं तिचा दंड धरला.

प्रदीपनं तिला बघितलं आणि माइक सोडून तो जवळ आला. फिटर आला होता, त्यानं न विचारताच सांगितलं. दोनदा वर चढला, दोनदा खाली आला. म्हणाला, ती बघते. मग पहिल्याच दिवशी आळीतल्या बायका आरतीला आल्या आणि कोणीतरी तिथे फूल ठेवलं. फुलावर पंप कसा लावणार? परीक्षक येऊन गेले, नंबर काही लागणार नाही. हे सांगताना तो हसत होता, पण अंगातली हवा गेलेली कळत होती.

पारीनं पदरानं डोळे पुसले. "त्याचा हात खाली घे," ती म्हणाली.

मोटर बंद केली तर हलता देखावा कसला, प्रदीप म्हणाला. लोक विचारतील, हा मारत का नाही? मग सांग का ते, पारी म्हणाली, आणि भाविकानं वाचलेलं सगळं तिनं त्याला तिथेच, रांग अडवून सांगितलं. चाळीस हजार, तेल, जिनिव्हा, सह्या, पन्नास वर्षं. मागची माणसं पुढे रेटायची थांबली आणि ऐकायला लागली. प्रदीपनं मान खाजवली. मग तो वाकला आणि त्यानं वायर काढली. शिकाऱ्याचा हात अर्ध्यातून खाली आला आणि भाल्यासकट मांडीला टेकला.

वर फलकावर अजून तेच होतं, मानवाचा सागरावर विजय. ते काढून दुसरं लिहायला पाहिजे, प्रदीप कबूल झाला, पण लिहायचं काय, आणि एवढ्या गर्दीत पेंटर कुठून आणायचा? पारीनं फलक खाली घ्यायला लावला आणि उलटा करून जमिनीवर ठेवला. रंगाचा डबा मांडवाच्या मागेच होता. चौथी पास बाई, अक्षरं तिनं लिहिली नाहीत, एकेक करून काढली, डोळे काढतात तशी, दम धरून. माणसं वाकून वाकून मोठ्यानं वाचत होती. पिल्लाच्या आईला मारायचं नाय. एवढं झालं तरी खाली जागा उरली होती. तिनं कुंचला पुन्हा रंगात बुडवला आणि आणखी एक ओळ काढली. नाय म्हणजे नाय.